काचेआडचं वाचनालय

दादा,

काल विहारात तुझी शोकसभा झाली आणि जो उठला तो तुझ्या कपाटांवरच बोलला. एक म्हणाला, असं शिसव आता पाहायला मिळत नाही. दुसरा म्हणाला, सिव्हिल लाइन्समधल्या साहेबांची कपाटं दादांनी आपल्या वस्तीत आणून उभी केली, याहून मोठं काम कोणतं? त्यावर टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत, हे आपल्या लोकांना कोणी सांगावं! मी पुढच्याच रांगेत पांढरी साडी नेसून, सख्खी बहीण म्हणून बसले होते. मला आपलं वाटत होतं, आता तरी कोणी उठेल आणि म्हणेल की दादांच्या वाचनालयातलं अमुक पुस्तक मी घरी नेलं होतं, ते अजून डोक्यातून जात नाही. कोणी उठलं नाही. उठणार कोण? पुस्तक कोणी घरी नेलंच नव्हतं.

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं ही रीत मला ठाऊक आहे. काल सगळे चांगलंच बोलले, तेव्हा तेवढं काम झालेलं आहे. मी जरा वेगळं बोलते. आपलं भांडण अर्धवट टाकून तू निघून गेलास, आता समोरून उत्तर येणार नाही, त्याचा फायदा घेते म्हण हवं तर.

पण एकदम भांडणावर येत नाही. आधी कांद्याचं सांगते, कारण ते कोणी काल सांगितलं नाही आणि कोणाला माहीतही नाही. माझी मास्तरकीच्या ट्रेनिंगची परीक्षा ऐन मे महिन्यात आली होती. नागपूरचा मे! रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. पेपर चालू असेपर्यंत तू बाहेर लिंबाखाली उभा असायचास, खिशात ऊन लागू नये म्हणून कांदा आणि हातात माझ्यासाठी सुरई. कचेरीत रजा टाकून. मी बाहेर आले की पेपर कसा गेला हे विचारायचा नाहीस, आधी पाणी पाजायचास. तुझ्या सदऱ्याला कांद्याचा वास यायचा आणि माझ्या मैत्रिणी नाकं मुरडायच्या. मीही मुरडलं असेल.

त्याच्या आधी काका घरी येऊन बाबांना बजावून गेले होते, "पोरीले इतकी शिकवून काय करतं गा? उद्या हे कोणाचं आयकन का?" बाबा पानाचा डबा त्यांच्यापुढे सरकवायला लागले. तू बोललास. "नाही आयकलं तं नाही आयकलं. काका, तुमचं तरी घरात कोण आयकते?" काकू तोंडाला पदर लावून हसल्या आणि विषय तिथंच मिटला. मी मास्तरीण झाले ती तुझ्यामुळे. हे मी तुला तोंडावर कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, तुला कळतंच. तुलाही बहुतेक माझ्याबद्दल असंच वाटत असेल, आणि अशा रीतीनं आपल्या घरात कोणीच कोणाला काही सांगितलं नाही.

आता कपाटं.

बाबा सेक्रेटरिएटात फर्राश होते. साहेब यायच्या आधी टेबलं-खुर्च्या पुसायच्या, एका खोलीतलं जड सामान उचलून दुसऱ्या खोलीत न्यायचं, असं ते काम. मोठ्या साहेबांच्या खोलीत काचेच्या दारांची पुस्तकांची कपाटं होती. ती बाहेरून चकचकीत ठेवायची जबाबदारी बाबांची, आणि दार उघडून आत हात घालायची मात्र मनाई. आत धूळ बसली तर ती झटकायला वेगळा माणूस होता, वेगळ्या जातीचा. बाबा हे हसत सांगायचे. त्यांना त्यात फार काही वाटत नव्हतं किंवा वाटत असलं तरी ते दिसत नव्हतं. तुला मात्र ते लागलं. दीक्षेनंतर वस्तीत विहार झाला, मागे एक खोली निघाली, तिथं वाचनालय करायचं ठरलं, तेव्हा तू छाती पुढे काढून म्हणालास, "आपल्या लोकाईची पुस्तकं ठेवीन तं तशाच कपाटात ठेवीन. खोक्यात नाही ठेवत." मला तेव्हा तुझा केवढा अभिमान वाटला होता! मी ते वाक्य शाळेत मैत्रिणींना सांगत सुटले होते.

तोपर्यंत नागपूरची राजधानी मुंबईला गेली होती. साहेब लोक एकेक करून निघून जात होते आणि त्यांचे बंगले मागे रिकामे होत होते. रविवारी सकाळी कुठे ना कुठे लिलाव असायचाच. पहिल्या लिलावाला तू मला बरोबर नेलंस. एकट्याला धीर होत नव्हता, हे कबूल करणार नाहीस, पण तसंच होतं. सिव्हिल लाइन्समधल्या त्या बंगल्याच्या फाटकाशी आपण कितीतरी वेळ उभे राहिलो. फाटक सताड उघडं होतं, लोक आत-बाहेर करत होते, तरी आपल्याला कोणी हटकणार नाही हे तुला खरं वाटत नव्हतं. तू बाबांचा कोट घातला होतास. बाह्या लांब होत होत्या.

व्हरांड्यात सामान मांडलेलं होतं आणि प्रत्येक वस्तूवर खडूनं नंबर घातला होता. सदर बाजारातले कबाडी विड्या ओढत फिरत होते. ते कपाटाच्या पाठीवर बोटानं ठोकून पाहायचे, कारण आत वाळवी असली की आवाज पोकळ येतो. मग खण ओढून उलटा करायचे. तूही त्यांचं पाहून ठोकून पाहिलंस, कान लावलास, गंभीर तोंड केलंस. काय ऐकू आलं ते तुलाच ठाऊक. ते कपाट माणसाच्या डोक्यावरून हातभर उंच होतं. शिसवीचं, काचेच्या चार दारांचं, पितळी कुलपांचं. वरच्या पट्टीवर वेलबुट्टी कोरलेली. मी आयुष्यात तोवर इतकी सुंदर वस्तू जवळून पाहिली नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. आत पुस्तकं ठासून भरली होती.

लिलाववाला हातोडी घेऊन स्टुलावर चढला. "बोलो भाई, असली शीशम का माल है, बोलो!" तू आकडा बोललास. तुझा आवाज चिरकला. कबाडी आपापसात बघून हसत होते. "और कोई?" लिलाववाल्यानं विचारलं. कोणीच बोलेना. त्यानं पुन्हा विचारलं, "और कोई?" आणि तू स्वतःच आकडा वाढवलास! तुझ्याच बोलीवर तुझीच बोली! सगळा व्हरांडा हसला. लिलाववालाही हसला. "अरे भैया, बोली आपकीच है. अपने आप से काहे को लड रहे हो?" भला माणूस होता, त्यानं पहिलाच आकडा धरला.

तू हसला नाहीस. घरी सांगू नको म्हणालास आणि मी आजपर्यंत सांगितलं नाही. हसण्यासारखं होतं, पण मलाही हसू आलं नव्हतं. पहिल्या हाकेला असली वस्तू आपल्याला मिळते यावर तुझा विश्वासच बसला नव्हता. कोणीतरी मागून येऊन काढून घेणार, असंच तुला वाटत होतं. तुझ्यावर चिडायला बसले की नेमकं हे आठवतं आणि माझा राग ढिला पडतो. तो मी पुन्हा आवळून धरते.

कारण त्यानंतर जे झालं ते मी विसरलेली नाही. लिलावात नंबर कपाटाचा होता, आतल्या पुस्तकांचा नव्हता. दोन गड्यांनी ती पुस्तकं कवेत भरून बाहेर काढली आणि अंगणात गोणपाटावर ओतली. रद्दीवाला तराजू घेऊन उभाच होता. एक पुस्तक घरंगळत माझ्या पायाशी आलं. इंग्रजी होतं, मला वाचता येण्याजोगं नव्हतं, पण पानोपानी पक्ष्यांची रंगीत चित्रं होती. मी उचललं.

"ठेव वं ते. लोक पाहून राहिले."

"रद्दीत तं चाललं दादा."

"चोर म्हनतीन आपल्याले. ठेव म्हणतो ना."

"मग विकत घेऊ ना थोडी. तो वजनानं देऊन राहिला."

"पुस्तकं कधीबी भेटतीन. असं कपाट भेटन का?"

मी ठेवलं. ठेल्यावर रिकामं कपाट आडवं घालून आपण सदरवरून जरीपटक्याच्या अलीकडे आपल्या वस्तीपर्यंत चालत आलो. तू सगळा रस्ता कपाटावर हात ठेवून चालत होतास. मी मागून चालत होते आणि मला रडू येत होतं. पुस्तकांसाठी कपाट आणायला गेलेली माणसं पुस्तकं टाकून कपाट घेऊन आली होती. हे त्या दिवशी मला दिसलं, तुला अखेरपर्यंत दिसलं नाही.

कबाडी का हसत होते ते घरी आल्यावर कळलं. बंगल्याचा माल गल्लीतल्या दारातून आत जात नाही, म्हणून त्यांनी बोली लावली नव्हती. विहाराच्या खोलीची चौकट काढावी लागली, तरी जाईना, मग बाजूची भिंत थोडी पाडली. सगळी वस्ती गोळा झाली. माय कमरेवर हात ठेवून बघत होती. "वाचनालय बांधून राहिले का पाडून राहिले?" असं तिनं विचारलं आणि लोक हसले. तू भिंत पुन्हा बांधून घेतलीस, कपाटाला जवसाचं तेल लावलंस, काचा पुसल्यास. दिवेलागणीला बायका पोरांना कडेवर घेऊन ते पाहायला आल्या. खरं सांगते, त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडावर आनंद होता. माझ्याही.

मग तुला नादच लागला. पगार झाला की तू लिलाव हुंगत निघायचास. एक सागवानी आलं, एक खाली खण आणि वर काचा असलेलं आलं, एक गोल कोपऱ्यांचं आलं ज्याचा एक पाय तूच दुरुस्त करून घेतलास. लिलाववाले तुला नावानं ओळखू लागले. "आओ दादासाब," म्हणायचे. ते तुला आवडायचं. लग्नाचं नाव काढलं की तू उठून जायचास. लोक चेष्टेनं म्हणायचे, दादाचा संसार काचेत आहे. पुस्तकंही आणलीस, नाही म्हणत नाही. सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडून, शाळांकडून, कोणाकोणाच्या घरी जाऊन, हात जोडून. पण प्रत्येक कपाटाला जागा लागत होती. आधी सतरंजी गेली, मग एक बाक गेला, मग दुसरा गेला. शेवटी खोलीत कपाटं होती, पुस्तकं होती, आणि माणसाला टेकायला जागा नव्हती. वाचायचं तर तुझ्यासमोर उभ्यानं वाचायचं, आणि पुस्तक तू काढून देणार, तूच परत ठेवणार. घरी न्यायचं नाही. घरात चूल असते, तेल असतं, पोरं असतात. किल्ल्यांचा जुडगा तुझ्या करदोड्याला.

मी तेव्हा विहाराच्या पुढच्या भागात संध्याकाळी बायकांचा वर्ग घेत होते. आपल्या वस्तीतल्या निम्म्या बाया विड्या वळणाऱ्या. त्यांत सुलोचना होती. तिला अक्षरांचं वेडच लागलं होतं. विडीच्या कट्ट्यावरचं लेबल वाचायची, भिंतीवरच्या जाहिराती वाचायची, सिनेमाची फाटकी पोस्टरं वाचायची आणि अडलं की रस्त्यात मला थांबवून विचारायची. एका मास्तरणीला आयुष्यात अशी एक विद्यार्थिनी मिळाली तरी पुष्कळ. एक दिवस तिनं काचेतून एक गोष्टींचं पुस्तक पाहिलं. पुठ्ठ्यावर जहाजाचं चित्र होतं. तिनं कधी समुद्र पाहिला नव्हता, आपल्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. वर्ग सुटल्यावर ती तुझ्याकडे आली. मी फळा पुसत होते. मला तुमचं बोलणं ऐकू येत होतं.

"दादा, हे जहाजवालं दे न मले."

"हात पाह्य कसे आहे तुहे. तंबाखूनं भरले. धुवून ये जाय."

एवढंच. तू ओरडला नाहीस, अपमान केला नाहीस. साध्या आवाजात म्हणालास. ती बाहेर गेली आणि परत आली नाही. दुसऱ्या दिवशी वर्गालाही आली नाही. मी तिच्या घरी गेले. "फुरसत नाही भेटत बाई," म्हणाली आणि मान वर न करता विड्या वळत राहिली. त्यानंतर एकेक करून आणखी दोघी-तिघी गळाल्या. बायका एकमेकींना काय सांगतात ते मला कोणी सांगितलं नाही, पण तुझ्या खोलीकडे जायची वाट त्यांनी सोडली एवढं मला दिसत होतं.

तू सुलोचनाला हात धुवायला पाठवलंस त्याच रात्री जेवताना मी हे मायसमोर काढलं. मायनं तुझ्या ताटात भाकर टाकली आणि म्हणाली, "तुह्या बापाले कपाटाले हात लावू देत नोहते. मंग त्याचा पोरगा मोठा झाला, त्यानं तेच कपाट घेतलं, अन् आता तो कोणाले लावू देत नाही. व्वा रे माह्या लेका!"

"तंबाखूचे हात होते माय. पुस्तकाले डाग पडतीन."

"पडू दे ना मंग. डागानं काय मरते का पुस्तक?"

तू ताटावरून उठलास. माझं तुझं भांडण अंगणात झालं, आणि ते इतकं वाढलं की शेजारचे दारात आले. तुझं म्हणणं मला शब्दन् शब्द आठवतं. "ज्याईच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकं आहे, त्याईनं दोन फाडली तं चालते. आपल्यापाशी हे एवढंच आहे कुसुम. हे फाटलं तं दुसरं कोण देईन?" यात खोटं काही नव्हतं. आजही नाही. पण मी गप्प कशाला बसते! मी म्हणाले, "दादा, कोणी वाचलंच नाही तं फाटणार नाही हे खरं, पण मंग ते आपलं कसं झालं? साहेबाचंच राहिलं न?" तू म्हणालास, "तू मास्तरीण आहे म्हून भाषण देऊन राहिली. तुले मास्तरीण कोणं केलं?"

हे बोलायला नको होतं, दादा. बाकीचं सगळं मी विसरेन, ते वाक्य विसरायला मला फार वेळ लागेल. कांदा खिशात ठेवून उन्हात उभा राहिलेला माणूस ते वाक्य बोलला, म्हणून ते जास्त लागलं.

पुढे माझी बदली रामटेककडच्या शाळेत झाली. सुट्टीत मी यायचे तेव्हा आपण सगळं बोलायचो. मायचा दमा, तिकडचे धान, माझ्या हेडमास्तरांच्या खोड्या. तू मला हसवायचास, नक्कल फार छान करायचास. पण वाचनालयाचं नाव आपण दोघंही काढायचो नाही. विहाराच्या मागच्या बाजूनं जायची वेळ आली की मी मुद्दाम पुढून जायचे. माय गेली. केस पिकले. आणि ते भांडण तिथंच, जसंच्या तसं राहिलं.

दवाखान्यात मी तुझ्याजवळ बसून होते. रजा टाकून, तू टाकली होतीस तशी. मला वाटत होतं, आता काहीतरी बोलशील. तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "कपाटात डांबराच्या गोळ्या टाकल्या का?" मी हो म्हणाले. नंतर एकदा करदोड्याकडे हात नेलास. दवाखान्यात जुडगा काढून उशाखाली ठेवला होता. मी तुझ्या हातात दिला. तू तो माझ्या हातात परत ठेवलास आणि माझी मूठ मिटवलीस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, जिंकले. मग तू म्हणालास, "कोणाले देऊ नको." ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. माणसं मरताना माया देऊन जातात, माफी मागतात, निदान देवाधर्माचं काही बोलतात. तू मला पहारेकरी नेमून गेलास.

तुझी माती झाली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात विहार समितीचे अध्यक्ष वामनराव घरी आले. म्हणाले, "बाई, दादाची खोली आपण जशीच्या तशी ठेवू. बाहेर त्याचा फोटो लावू, अन् वर्षातून एक डाव उघडू. लोकाईनं पाह्याचं, हार घालाचा." मी म्हणाले, "वामनराव, ती खोली आजवर वर्षातून एकदा उघडल्यासारखीच राहिली, तेवढं पुरे झालं." त्यांना ते कळलं नाही की कळून न कळल्यासारखं केलं, कोण जाणे. मी त्याच दिवशी जाऊन कुलपं काढली. सगळी दारं उघडून ठेवली. गोल कोपऱ्यांचं कपाट चार माणसं लावून पुढच्या दालनात हलवलं आणि त्या जागी सतरंजी अंथरली. वामनरावांनी माझ्याशी बोलणं सोडलं. सोडू देत.

मला वाटलं होतं, लोक तुटून पडतील. दादा, कोणीही आलं नाही. येतात ते दारापर्यंत येतात. हात मागे बांधून उभे राहतात आणि देवळाच्या गाभाऱ्यात पाहावं तसं आत पाहतात. आपण देवळं सोडून किती वर्षं झाली, आणि तू त्यांना काय शिकवून ठेवलंस बघ! मिलमधला एक चांगला वयस्कर माणूस आत आला, माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, हात लावला तं चालते का?" मी म्हणाले, चालते. त्यानं एका पुस्तकाच्या पाठीला एक बोट लावलं, काढून घेतलं आणि निघून गेला. त्या रात्री मी तुला शिव्या दिल्या. मास्तरणीला शोभणार नाहीत अशा दिल्या.

कालच्या सभेत वामनरावांनी सगळ्यांसमोर फोटोची आणि हाराची घोषणा करून टाकली. मी घरी आले, डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी उठून वाचनालयात गेले, जहाजवालं पुस्तक शोधून काढलं, पिशवीत घातलं आणि सरळ सुलोचनाकडे गेले. तीही आता पिकली आहे. जाड चष्मा आहे. अंगणात मांडीवर सूप घेऊन विड्यांसाठी तेंदूची पानं कातरत बसली होती. मला बसायला पाट दिला. मी पुस्तक तिच्यापुढे धरलं.

"सुलोचना, हे पाहिजे होतं न तुले?"

तिनं चष्म्यातून पाहिलं. ओळखलं. लगेच ओळखलं. पण हात पुढे केला नाही. "आता काय करू वं बाई? अक्षरं गेली सारी. बसची पाटी तेवढी वाचतो मी."

"दादाचा राग आला होता का तुले तेव्हा? हात धू म्हणाला म्हून?"

ती हसली. "राग काहून येईन? तंबाखूचेच तं होते हात. मी गेली होती न धुवाले. नळ गेला होता. मी म्हटलं, जातो अन् सांगतो त्याले, बापा पाणी नाही, लुगड्याले पुसून घेतो चांगले. म्हून वापस आली मी."

"आली होती तू?"

"आली होती न. दारापाशी आली, तं तो काच पुसून राहिला होता." तिनं कात्री चालवायची थांबवली. "मी बोट लावलं होतं न, हे जहाजवालं म्हून? तिथंच. फडक्यानं घासू घासू. मंग मी तशीच मांगच्या मांगं फिरली."

"अन् इतकी वर्षं मले सांगितलं काहून नाही?"

"तुमी दोघं बहीण-भाऊ अंगणात तसे भांडले. सारी वस्ती पाहून राहिली होती. त्याच्यात अजून मी काय तेल ओतू?"

मी तिला सांगितलं, दादा. तिला म्हणाले, सुलोचना, दादा सगळ्यांच्याच मागून काच पुसायचा. माझं बोट लागलं तरी पुसायचा, वामनरावांचं लागलं तरी पुसायचा, स्वतःचं लागलं तरी कोटाच्या बाहीनं पुसायचा. दिवसभर तेच करायचा. त्याला बोटांचे ठसे दिसले की चैन पडत नसे, त्यात तुझंमाझं काही नव्हतं. जीव तोडून सांगितलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान हलवली.

"असन," म्हणाली, आणि पुढचं पान कातरायला घेतलं.

इतकी वर्षं मी तुझ्याशी भांडले. आज पहिल्यांदा तुझ्या बाजूनं बोलले, दादा, आणि ते पुरलं नाही.